सम्राज्ञी युजेनी आणि तिचा शिंपी

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार. वोकिंग, इंग्लंड

काल सकाळी पॅरिसच्या लूव्रमध्ये चोरी झाली. सामान चढवायच्या शिडीचा ट्रक खाली लावून चोर अपोलो दालनाच्या खिडकीशी पोचले, काचा कापल्या आणि सात-आठ मिनिटांत फ्रान्सच्या राजघराण्यांचे दागिने घेऊन पसार झाले. गेलेल्या वस्तूंत सम्राज्ञी युजेनीचा मोत्यांचा शिरपेच आहे, चोळीवर लावायचा हिऱ्यांचा मोठा बो आहे. तिचा मुकुट मात्र पळता पळता त्यांच्या हातून पडला. तो बाहेर सापडला, चेपलेल्या अवस्थेत. १,३५४ हिरे आणि ५६ पाचू आहेत त्यात.

उद्या लक्ष्मीपूजन, त्यामुळे आज ब्लाउज न्यायला बायकांची रीघ लागली होती आणि जी ती याच बातमीवर बोलत होती. "ताई, कुठली हो ही राणी? आणि एवढे दागिने तिथे ठेवून गेली कुठे?" एकीने विचारलं. मी हूक लावत होते. म्हटलं, ठेवून नाही गेली, तिला पळावं लागलं. नेसत्या कपड्यांनिशी. आणि आता ती इथून दोन स्टेशनं पलीकडे, फार्नबरोला आहे. तिथेच तिचं थडगं आहे.

तिला विश्वास बसेना. मुकुटाचंही सांगितलं: १८५५ साली घडवलेला, पण ज्या राज्याभिषेकात तो डोक्यावर चढायचा तो ना हिचा कधी झाला, ना हिच्या नवऱ्याचा.

मला युजेनी माहीत झाली ती शिवणाच्या कोर्समध्ये. तिचा शिंपी वर्थ याच्यावरचा धडा होता आणि धड्यात हिचं चित्र होतं, प्रचंड घेराच्या झग्यातलं. धड्यात ती १८७० साली संपते. प्रत्यक्षात त्यानंतर ती आणखी पन्नास वर्षं जगली. सतरा वर्षं सम्राज्ञी आणि पन्नास वर्षं पदच्युत, असा हिशेब आहे तिचा. आज बातम्यांतही सगळीकडे दागिने आहेत, बाई कुठेच नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून या वहीत तिच्याबद्दल आणि तिच्या शिंप्याबद्दल लिहायचं ठरवलंय.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

मशीनला आणि हिशेबाच्या वहीला हळदकुंकू वाहिलं. रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा. लिहायला वेळ नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज शिवण बंद. वर्थचं सगळं सलग लिहून काढते.

चार्ल्स फ्रेडरिक वर्थ जन्माने इंग्रज. लिंकनशरमधल्या बोर्न गावचा, जन्म १३ ऑक्टोबर १८२५. म्हणजे याच महिन्यात त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली. वडील वकील होते, पण सगळं घालवून बसले. आईला नातेवाइकांचं घर सांभाळायला जावं लागलं आणि या पोराला अकराव्या वर्षी छापखान्यात लावलं. तिथे त्याचा जीव रमला नाही. मग लंडनला स्वॉन अँड एडगर या कापडाच्या मोठ्या दुकानात उमेदवारी. ठाण उलगडायचं, गिऱ्हाइकापुढे टाकायचं, मोजायचं, पुन्हा घडी घालायची. वर्षानुवर्षं हेच. रिकाम्या वेळात तो नॅशनल गॅलरीत जाऊन जुन्या चित्रांतले पोशाख बघत उभा राहायचा. माझ्या मते खरं शिक्षण हेच. सुईदोरा नंतर कोणीही शिकतं. कापड हाताला कसं लागतं, उभं कसं पडतं, तिरकं धरलं की कसं सुटतं, हे हजारो वार उलगडल्याशिवाय बोटांत उतरत नाही.

विसाव्या वर्षी तो पॅरिसला गेला. फ्रेंचचा गंध नाही, खिशात जेमतेम पैसे. पुढे गाजलँ नावाच्या नामांकित दुकानात लागला. तिथे मारी व्हेर्ने नावाची विक्रेती गिऱ्हाइकांना शाली अंगावर घेऊन दाखवायची. शाल उठून दिसावी म्हणून वर्थने तिच्यासाठी साधे, नेमक्या मापाचे झगे बेतले. झालं असं, की बायका शाल बाजूला ठेवून झगा कोणी शिवला ते विचारू लागल्या. मारीशी त्याने लग्न केलं. जिवंत माणसाच्या अंगावर कपडा घालून दाखवायची रीत आज जगभर आहे, तिच्या अगदी सुरुवातीला ही बाई उभी आहे. तिचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवते.

१८५८ साली बोबर्ग या स्वीडिश भागीदाराबरोबर त्याने रू द ला पे या रस्त्यावर, सात नंबरला, स्वतःचं दुकान काढलं. तोवर तिथलीही पद्धत आपल्यासारखीच होती: बाईने एका दुकानातून कापड घ्यायचं, दुसऱ्यातून लेस-झालर, आणि शिवणारीकडे जाऊन 'असं असं शिव' म्हणून सांगायचं. वर्थने ते उलटं केलं. कापड त्याच्याकडे, बेत त्याचा, शिलाई त्याच्या छताखाली. हंगामाआधी नमुने तयार. बाईने त्यातून निवडायचं आणि मग तिच्या मापाने शिवून मिळायचं. दुकानात एक खोली अशी होती, की दिवसाउजेड बंद आणि फक्त गॅसचे दिवे. कारण नाचाला जायचा झगा रात्रीच्या उजेडात कसा दिसेल, ते आधी बघितलंच पाहिजे. आणि कमरेच्या आतल्या पट्टीवर त्याने आपलं नाव घातलं. चित्रकार चित्रावर सही करतो तशी शिंप्याने कपड्यावर सही केली.

तो दरबारात पोचला तो पाउलीन मेटर्निखमुळे. ऑस्ट्रियाच्या राजदूताची बायको. मारी वर्थ नवऱ्याची रेखाटनं घेऊन तिच्याकडे गेली. इंग्रज माणूस पॅरिसमध्ये बायकांचे कपडे शिवतो हे ऐकून ती आधी हसली, मग चित्रं बघून तिने दोन झगे सांगितले, पण अट घातली: एकेकाचे तीनशे फ्रँकच्या वर देणार नाही. त्यातला पांढऱ्या ट्यूलचा, रुपेरी टिकल्यांचा झगा घालून ती त्विलरी राजवाड्यातल्या नाचाला गेली. युजेनीची नजर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्थला बोलावणं. तीनशे फ्रँकमध्ये झगा मिळायचे दिवस तिथेच संपले, असं पाउलीनने पुढे आठवणींत लिहून ठेवलंय.

एक गोष्ट इथेच नोंदवते. चित्रकार विंटरहाल्टरने काढलेलं युजेनी आणि तिच्या सख्यांचं ते प्रसिद्ध चित्र अनेक ठिकाणी वर्थच्या नावाला चिकटवलेलं दिसतं. ते चित्र १८५५ चं. त्या वेळी वर्थ अजून दुसऱ्याच्या दुकानात पगारावर होता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज काल झाली. दादाचा सोलापूरहून फोन आला होता. बोलता बोलता वडिलांची, अण्णांची, आठवण निघाली, आणि आज सकाळपासून डोक्यात फ्रान्समधलं रेशमाचं शहर लिऑन आहे.

अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. त्या मागांच्या डोक्यावर जकार्ड बसवलेली असे, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ. एकेक पुठ्ठा पुढे सरकतो, जिथे भोक तिथला आकडा वर जातो, त्याप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात आणि चादरीवर मोर उमटतो, फूल उमटतं. ही युक्ती जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास बसवली, ती लिऑनमध्ये, रेशमाच्या ब्रोकेडसाठी. माग चालू असला की आमच्या घरी चूल पेटायची. ऑर्डर थांबली की पेठेतला किराणा उधारीवर यायचा, आणि दुकानदाराची नजर आईला खाली मान घालायला लावायची. म्हणून पुढची गोष्ट मी कुठल्याही फॅशनच्या पुस्तकातल्यापेक्षा वेगळी वाचते.

वर्थच्या मुलाने ती लिहून ठेवली आहे. पहिल्याच भेटीत वर्थने युजेनीपुढे लिऑनच्या जड ब्रोकेडचा झगा ठेवला. तिला तो पसंत पडला नाही. तिला हलकी, तलम वस्त्रं आवडत. हे घालून मी पडद्यासारखी दिसेन, असं तिचं म्हणणं. तेवढ्यात तिचा नवरा, बादशहा नेपोलियन तिसरा, खोलीत आला. वर्थने झग्याची बाजू सौंदर्यावरून मांडलीच नाही. त्याने सांगितलं, लिऑनच्या विणकरांना काम हवंय. सम्राज्ञीने हे घातलं तर दरबार घालेल, दरबाराने घातलं तर युरोप घालेल. बादशहाला पटलं. युजेनीने तो झगा घातला. पुढे अशा कपड्यांना ती आपले 'राजकीय' कपडे म्हणत असे.

बादशहाला लगेच का पटलं, तेही समजून घ्यायला हवं. लिऑनचे विणकर १८३१ साली आणि पुन्हा १८३४ साली रस्त्यावर उतरले होते. मजुरीसाठी. लष्कर घालून ते उठाव मोडले गेले. शहर प्रजासत्ताकवादी, भडकायला वेळ न लावणारं. त्यात पन्नासच्या दशकापासून रेशमाच्या किड्यांवर रोग पडला होता, आणि १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाल्यावर तिकडची मागणी आटली. या परिस्थितीत एका बाईच्या अंगावर कुठलं कापड आहे याला किंमत होती. क्रिनोलिनच्या घेराला किती वार लागतात ते मला हिशेबाने कळतं. मागे फुगवटा देणारं बस्सल आलं, मागे लोळणारा लांब घोळ आला, तरी वर्थने कापड कमी होऊ दिलं नाही, नुसतं पुढचं मागे नेलं.

आणि हेही: रेशमाच्या किड्यांचा रोग शोधायला लुई पाश्चर १८६५ पासून दक्षिण फ्रान्समध्ये तळ ठोकून होता. त्या संशोधनाचं पुस्तक १८७० मध्ये निघालं, ते त्याने युजेनीला अर्पण केलं आहे. रेशमाच्या किड्यापासून दरबारी झग्यापर्यंतच्या साखळीत ती शेवटच्या टोकाला उभी होती, आणि तिला ते माहीत होतं. अशी बाई नुसती नटवी म्हणून ओळखली जाते, हे मला मान्य नाही.

तिच्या लग्नातली एक हकिगत तर मी प्रत्येकीला सांगते. १८५३ साली पॅरिसच्या नगरपालिकेने तिला हिऱ्यांचा हार द्यायला सहा लाख फ्रँक मंजूर केले. तिने हार नाकारला आणि त्या पैशांत गरीब मुलींसाठी शाळा बांधायला लावली. वास्तुकार हिटॉर्फने त्या इमारतीचा आराखडाच हाराच्या आकाराचा केला. हा हार कोणाला शिडी लावून नेता येणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार. फार्नबरो

दुपारच्या गाडीने गेले. स्टेशनातून थोडं चालल्यावर झाडांवरून घुमट दिसतो. सेंट मायकेल मठ. हा तिने स्वतः बांधून घेतला, १८८० च्या दशकात, नवऱ्यासाठी आणि मुलासाठी. आजही बेनेडिक्टाइन साधू तिथे राहतात. शेजारच्या टेकडीवर तिचं राहतं घर होतं, तिथे आता शाळा भरते.

तळघरात उतरल्यावर गारवा अंगावर येतो. तांबड्या ग्रॅनाइटच्या दोन मोठ्या शवपेट्या समोरासमोर. एकीत तिसरा नेपोलियन, दुसरीत मुलगा. दगड स्कॉटलंडचा, राणी व्हिक्टोरियाने दिलेला. युजेनी त्यांच्या रांगेत नाही. ती वेदीच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात आहे. साधूंनी आम्हाला घाई केली नाही, हे त्यांचे उपकार. माझ्याबरोबर आलेले बहुतेक जण चोरीची बातमी वाचून आले होते. वर आल्यावर ते मुकुटाबद्दल विचारत राहिले, मला मुलाबद्दल बोलायचं होतं.

त्याचं नाव लुई. इंग्लंडला आल्यावर वूलिचच्या लष्करी शाळेत शिकला आणि हट्टाने इंग्रजी फौजेबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडला गेला. १ जून १८७९ रोजी टेहळणीची तुकडी विसावली असताना हल्ला झाला. बाकीचे घोड्यांवर चढून निघाले. याचा घोडा बुजून पळाला, हा त्याच्याबरोबर धावत जिनाच्या पिस्तूलपेटीचा पट्टा धरून वर चढायला बघत होता. पट्टा फाटला. मग तो वळून उभा राहिला. भाल्याच्या सगळ्या जखमा अंगाच्या पुढच्या बाजूला होत्या. तेवीस वर्षांचा होता.

पट्टा फाटला, हे वाचलं की दर वेळी माझा हात थांबतो. चामडं जुनं झालं की शिवणीच्या रांगेतच तुटतं. भोकं जितकी जवळ तितकं लवकर. कोणीतरी ते तपासायला हवं होतं.

पुढच्या वर्षी, चौपन्नाव्या वर्षी, युजेनी बोटीने दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात गेली, तिथून आठवडेच्या आठवडे गाडीतून, तंबूतून प्रवास करत मुलगा पडला त्या ओढ्यापर्यंत पोचली, आणि १ जूनची रात्र तिने तिथेच जागून काढली. नवरा १८७३ साली गेला तेव्हापासून काळे कपडे होतेच. त्यानंतर रंग तिने कधीच घेतला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं मागे केली. संध्याकाळ अंगावर आली. काल तळघरात उभं राहून वाटत होतं, ती इथवर आली कशी ते लिहायला हवं.

२ सप्टेंबर १८७० ला सदाँ इथे फ्रेंच सैन्य प्रशियाला शरण आलं, बादशहा कैद झाला. पॅरिसमध्ये राज्यकारभार युजेनीकडे होता, रीजंट म्हणून, आयुष्यात तिसऱ्यांदा. ४ तारखेला रविवारी जमाव त्विलरीच्या फाटकाशी आला, प्रजासत्ताक जाहीर झालं. तिने गोळीबार करू दिला नाही. ऑस्ट्रियाचा आणि इटलीचा राजदूत तिला बाहेर काढायला आले होते. ऑस्ट्रियाचा म्हणजे रिशार्ट मेटर्निख, त्याच पाउलीनचा नवरा. समोरून वाट नव्हती, म्हणून ते राजवाड्याला जोडलेल्या लूव्रच्या दालनांतून चालत निघाले. तेच लूव्र. दुसऱ्या टोकाला रस्त्यावर उतरून ती आपली वाचक मादाम लब्रतों हिच्याबरोबर भाड्याच्या घोडागाडीत बसली. ज्यांची दारं ठोठावली ते घरी नव्हते. शेवटी ती आपल्या दंतवैद्याकडे गेली, अमेरिकन डॉक्टर थॉमस इव्हान्स. तो घरी परतला तेव्हा त्याच्या दिवाणखान्यात फ्रान्सची सम्राज्ञी बसलेली होती.

इव्हान्सने तिला स्वतःच्या गाडीतून दोव्हिलच्या किनाऱ्याकडे नेलं. अंगावर एकच काळा पोशाख. सर्दी झालेली, जवळ दोनच रुमाल. वाटेतल्या एका साध्या खाणावळीत तिने ते रुमाल स्वतः धुतले आणि लवकर वाळावेत म्हणून ओलेच खिडकीच्या काचेवर ताणून चिकटवले. हे इव्हान्सने नोंदवलंय म्हणून आपल्याला कळतं. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, हीच बाई सुवेझ कालव्याच्या उद्घाटनाला पहिल्या जहाजावर होती, आणि त्या प्रवासाला अडीचशे झगे नेल्याचं अजून सांगतात. काचेवर रुमाल वाळवायची युक्ती ज्या बाईला त्या रात्री सुचते, ती हातापायांनी पंगू झालेली राजस्त्री नव्हे. मला तिचा अभिमान वाटतो.

सर जॉन बर्गोइन या इंग्रजाची 'गझेल' नावाची छोटी शिडाची नौका, खाडीत तुफान, आणि ८ सप्टेंबरच्या पहाटे आइल ऑफ वाइटवर राइडचा किनारा. भिजलेली, चुरगळलेली माणसं बघून एका हॉटेलने त्यांना घेतलंच नाही. पुढे हेस्टिंग्ज, मग चिझलहर्स्टचं घर. १८७२ मध्ये तिने स्वतःचे पुष्कळसे दागिने लंडनला ख्रिस्तीजमध्ये विकले. सरकारी दागिने नव्या प्रजासत्ताकाने १८८७ मध्ये लिलावात फुंकून टाकले, राजे परत येऊ नयेत म्हणून. परवाच्या चोरीत गेलेला तिचा शिरपेच आणि बो हे त्यातूनच जगभर पांगून, फिरून लूव्रला आलेले तुकडे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

तिची बाजू घेताना एक गोष्ट झाकायची नाही. मेक्सिकोवर फ्रेंच फौज पाठवण्याच्या कल्पनेला तिचा जोरदार पाठिंबा होता, आणि त्या खेळात तिथे बादशहा म्हणून बसवलेला मॅक्सिमिलियन गोळ्या खाऊन मेला. जुलै १८७० मध्येही ती प्रशियाशी लढाई करण्याच्या बाजूची होती. माणसं मेली, हजारोंनी. पण हेच मत असलेले मंत्री, सेनापती, वर्तमानपत्रवाले पुष्कळ होते, त्यांच्या नावामागे कोणी झगे मोजत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. १८६५ मध्ये रीजंट असताना ती चित्रकार रोझा बोनरच्या घरी स्वतः गेली आणि तिच्या छातीवर लीजन ऑफ ऑनरचं पदक लावलं. चित्रकलेसाठी तो मान मिळालेली ती पहिली स्त्री.

१ नोव्हेंबर, शनिवार

वर्थकडे परत येते. सम्राज्ञी गेल्यावर शिंप्याचं काय झालं?

पॅरिसला वेढा पडला. दुकान बंद झालं, तिथे जखमींसाठी खाटा पडल्या. मग पॅरिस कम्यूनचा उठाव, आणि मे १८७१ मध्ये त्विलरी राजवाडा जळाला. बोबर्ग भागीदारी सोडून गेला. ज्या एका गिऱ्हाइकामुळे नाव झालं ते समुद्रापलीकडे विधवेच्या वाटेवर. कोणाही कारागिराची कंबर मोडावी असा काळ. आणि तरी १८७१ मध्ये वर्थने दुकान पुन्हा उघडलं, फक्त स्वतःच्या नावावर, आणि आधीपेक्षा मोठं केलं. आता गिऱ्हाइकं अमेरिकेतून येऊ लागली, रेल्वेवाल्यांच्या, बँकवाल्यांच्या बायका. १८८३ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हँडरबिल्टांकडच्या फॅन्सी ड्रेस नाचासाठी त्याने अॅलिस व्हँडरबिल्टला 'विजेचा दिवा' या कल्पनेवर झगा करून दिला. राजवाडा नसला तरी कात्री चालते, हे त्याने करून दाखवलं. हजाराहून जास्त हात त्याच्याकडे कामाला होते, त्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचं काही नव्हतं.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळं. सुरेन इथल्या आपल्या घराच्या बागेत वर्थने त्विलरीचे दगड आणून मांडले होते. जळका राजवाडा पाडून त्याचा मलबा विकला गेला, तेव्हा घेतलेले. तो रोज त्यांच्यामधून फिरत असणार. आणि दर वर्षी न चुकता युजेनीला त्याच्याकडून पार्माच्या व्हायोलेट फुलांचा गुच्छ जायचा, फितीने बांधलेला. जांभळी व्हायोलेटं बोनापार्ट घराण्याची खूण. प्रजासत्ताकात धंदा करणाऱ्याने ती पाठवायला धाडस लागतं, कारण गिऱ्हाईक कुठल्या बाजूचं निघेल सांगता येत नाही. युजेनी आता काहीच देऊ शकत नव्हती. काळ्या कपड्यांना लिऑनचं ब्रोकेड लागत नाही. तरी तो पाठवत राहिला, १० मार्च १८९५ ला मरेपर्यंत. तो गेल्यावर तिने त्याच्या घरच्यांना तार केली, त्यात त्याच्या निष्ठेची आठवण काढली.

गिऱ्हाईक आणि शिंपी यांच्यातलं नातं बाहेरून कळत नाही. बाईचं अंग कसं बदलत गेलं ते तिच्या नवऱ्याआधी शिंप्याला कळतं: बाळंतपण, आजारपण, घरातली काळजी, सगळं मापात उतरतं. माझ्याकडे एक काकू होत्या. त्यांचं माप दर दोन महिन्यांनी अर्धा इंच कमी होत गेलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, मी शिवणीत माया जास्त ठेवत गेले, पुन्हा भरल्या तर उसवून देता येईल म्हणून. वर्थला युजेनीचं माप दहा वर्षं पाठ होतं. १८७० नंतर ते त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं, पण ते तो विसरला असेल असं मला वाटत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वर्थचे झगे आहेत. मी तिकडे गेले की शिवण बघते, आतली. बाहेरून रेशीम वाहतं, आतून मात्र एकेका कळीवर हाड बसवलेलं, शिवणींच्या कडा हाताने बांधून घेतलेल्या, कमरेला आतून पट्टी, जिच्यावर सगळं वजन पेललं जातं. एक टाकासुद्धा दाखवण्यासाठी नाही. आज सबंध दिवस एका लग्नाच्या घागऱ्याचं अस्तर घालत होते आणि त्या पट्टीचा विचार करत होते. घागरा पुष्कळ जड आहे. तशीच पट्टी घातली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज युद्धसमाप्तीचा दिवस, अकरा वाजता इथे सगळं दोन मिनिटं थांबतं. मीही मशीन थांबवलं.

पहिल्या महायुद्धात युजेनी नव्वदीच्या जवळ होती. फार्नबरोच्या घराचा एक भाग तिने जखमी अधिकाऱ्यांच्या इस्पितळाला दिला आणि ते नीट चालतंय ना याकडे स्वतः लक्ष ठेवलं. त्याआधी शेजारच्या एथेल स्मिथ या संगीतकार बाईच्या पाठीशी ती अशीच उभी राहिली होती. १८९३ मध्ये तिचं मोठं धार्मिक संगीत लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सादर झालं त्यामागे युजेनीचा हात होता.

पण मला सांगायचंय ते एका पत्राचं. ऑक्टोबर १८७० मध्ये, इंग्लंडला येऊन जेमतेम दीड महिना झाला होता, तेव्हा तिने प्रशियाच्या राजाला लिहिलं की फ्रान्सची जमीन तोडू नका. राजा विल्हेल्मने व्हर्सायच्या तळावरून उत्तर पाठवलं. त्यात त्याने स्पष्ट कबूल केलं, की अल्सास-लोरेन हा फ्रान्सचा सीमेवरचा मुलूख आम्हाला हवाय तो देश मोठा करायला नव्हे. पुढच्या वेळी फ्रेंच फौजांना जिथून निघावं लागेल ती जागा मागे ढकलायला हवाय. म्हणजे तिथली माणसं कोण, कुठल्या भाषेची, याचा त्यात प्रश्नच नव्हता. युजेनीने ते पत्र जपून ठेवलं. पळताना दोन रुमाल घेऊन निघालेल्या बाईने पुढे एवढी घरं बदलली, नवरा आणि मुलगा पुरला, पण पत्र हरवू दिलं नाही.

१९१८ मध्ये लढाई संपत आली आणि अल्सास-लोरेन कोणाचं हा प्रश्न पुन्हा टेबलावर आला. ती ब्याण्णव वर्षांची. तिने ते पत्र विश्वासू माणसाच्या हाती फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो याच्याकडे पोचवलं. क्लेमांसो हाडाचा प्रजासत्ताकवादी. १८७० मध्ये साम्राज्य कोसळलं तेव्हा आनंदाने रस्त्यावर असलेल्यांपैकी. त्याने ते घेतलं, वापरलं, आणि आज ते फ्रान्सच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. दोन प्रांत फ्रान्सला परत मिळाले. ती ते बघायला जिवंत होती. ११ जुलै १९२० ला माद्रिदमध्ये, नातलगांकडे असताना ती गेली आणि तिला फार्नबरोला आणलं.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी मला डिसेंबरच्या बैठकीत वर्थवर बोलायला सांगितलंय. 'ती चोरीतल्या राणीची गोष्टही सांगा' असा निरोप आला आहे. सुरुवात झग्यांनीच करीन, कारण येणाऱ्या त्यासाठीच येतील. ब्रोकेडचा तुकडा हातोहात फिरवीन, लिऑन सांगीन, सोलापूर सांगीन. पण बोलायच्या तासातला अर्धा वेळ १८७० नंतरच्या बाईसाठी राखून ठेवलाय. मुकुटाचा फोटो नको म्हणून कळवलं आहे. तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. त्याऐवजी विल्हेल्मच्या पत्राचा मराठी मतलब मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावायचा आहे. छपाईचं काम भाच्याकडे दिलंय, तो शुक्रवारपर्यंत आणून देतो म्हणाला.